पॉइंट झिरो टू

अक्कलकोटहून सोलापूर चाळीस किलोमीटर. एसटीला तास लागतो. उजेड काचेच्या तारेतून गेला तर त्याला सेकंदाचा पाचहजारावा भाग. पण आमच्या धंद्यात वेळ कुणी विचारत नाही, लॉस विचारतात. आम्ही वापरतो तो १५५० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा उजेड तारेत दर किलोमीटरला साधारण ०.२ डीबी मुरतो. चाळीस किलोमीटरला आठ डीबी. तीन डीबी गेले की उजेड निम्मा होतो, आठ गेले की जेमतेम सहावा हिस्सा उरतो. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात एवढ्याच लांबीच्या रूटवर मी बारा-तेरा डीबीही मोजलेत. वरचे चार-पाच डीबी कुठे जातात हे शोधून काढायचं, यासाठी मला पगार मिळतो. पगार ठेकेदाराकडून, ठेका एका मोठ्या कंपनीचा आणि शिव्या सर्वांकडून.

जातात ते मुख्यतः सांध्यांत. केबलचा ड्रम साधारण दोन किलोमीटरचा येतो. म्हणजे नवी कोरी केबल टाकली तरी सोलापूरपर्यंत वीसेक सांधे जन्मजात. पुढे रस्ता रुंद होतो, कुणी पाण्याची लाइन ओढतं, कुणी बांधाला चर मारतं, आणि केबल तुटते. तुटलेली केबल ताणून जुळवता येत नाही. मधे नवा तुकडा घालावा लागतो. तुकडा आला की त्याची दोन टोकं आली आणि दोन सांधे आले. सोलापूर रस्त्याचं चौपदरीकरण चाललं होतं त्या काळात या बाजूच्या केबलींना इतके तुकडे लागले की आता मूळ केबल किती आणि ठिगळं किती, हे नकाशा बघून सांगता येत नाही.

दरवेळी दोष जेसीबीवाल्याचाच असतो असंही नाही. आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, कोपरापर्यंत हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तेच रान फुगतं. त्यातून गेलेला डक्ट दरवर्षी ओढला जातो आणि दाबला जातो. जिथे खडक वर येतो तिथे खोदणाऱ्याचा धीर सुटतो. कागदावर केबल १.६५ मीटर खोल असते. खडकाच्या पट्ट्यात ती मला गुडघाभर खोलीवरही सापडली आहे. अशा जागी नांगराचा फाळसुद्धा पुरतो.

डिप्लोमाला फायबर हा विषय आम्हाला चार-दोन तासांत उरकला होता. खरं शिकलो ते नोकरीला लागल्यावर, निम्मं खड्ड्यात बसून आणि निम्मं आयआयटी मुंबईच्या डॉ. रघुनाथ शेवगावकरांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं मोबाइलवर बघून. शेवगावकर सर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आयआयटी दिल्लीचे संचालक झाले, पण माझ्यासाठी ते फळ्यावर उजेडाची किरणं काढून दाखवणारे सरच आहेत. त्यातून वाचायची खोड लागली. दरवर्षी मार्चमध्ये अमेरिकेत ओएफसी नावाची मोठी परिषद भरते आणि शरदात युरोपात ईसीओसी. जगातले फायबरवाले आपले विक्रम तिथे मांडतात. त्यांच्या बातम्या आणि जमतील तेवढे निबंध मी वाचतो. गणित डोक्यावरून जातं. पण वाचताना माझा एक प्रश्न कायम असतो: हे तुटल्यावर जोडायचं कसं?

हा प्रश्न मला का पडतो ते कळायला एक सांधा जवळून बघायला हवा.

नागणसूरच्या बाजूला एप्रिलमध्ये एक कट झाला होता. ओटीडीआर लावला तर ६.३१ किलोमीटर. हे यंत्र तारेत उजेडाचा ठोका सोडतं आणि काचेतून मागे विखरून येणारा अंधुक उजेड मोजत बसतं. जिथे तार तुटली तिथे रेघ धाडकन खाली येते. पण गाडीच्या मीटरवर ६.३१ किलोमीटर जाऊन खोदलं तर तिथे केबल धडधाकट निघणार. काच रस्त्यापेक्षा लांब असते. प्रत्येक चेंबरात केबलचं वेटोळं सोडलेलं असतं, केबलच्या आत ट्यूबांना पीळ असतो, वाटेतल्या जुन्या दुरुस्त्यांत कुणी किती जास्तीची केबल गुंडाळली ते ज्याचं त्याला माहीत. हा फरक वजा करायला आमचे गस्तीवाले मामा लागतात. मामांकडे एक लांबट वही आहे, कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात कुठल्या मोरीजवळ किती मीटरचं वेटोळं आहे ते पेन्सिलीने लिहिलेलं. कंपनीच्या संगणकातल्या नकाशावर त्याच जागी सरळ निळी रेघ आहे.

आम्ही बांधाबांधाने हिंडत होतो तेव्हा रानातले एक काका जवळ आले.

"काय शोधायलाव साहेब, सकाळधरनं?"

"केबल तुटली काका. कुठं ते बघायलाव."

"तांब्याची हाय का?"

"काचेची."

काका जरा थांबले. "मग चोरून तर काय उपेग!" म्हणाले, आणि कडुलिंबाखालच्या एका उकरलेल्या जागेकडे बोट दाखवलं. रात्री कुणीतरी तांब्याच्या आशेने केबल ओढून काढली होती, दोन मीटर सोलून बघितली होती आणि टाकून दिली होती. तांबं समजून काच कापणारे चोर आम्हाला नवे नाहीत.

चोवीस फायबरची केबल. दोन्ही टोकं गाडीत घेतली. वारं असलं की उघड्यावर सांधा करायचाच नाही. आधी वरचं काळं आवरण, मग आतल्या ट्यूब, ट्यूबमधली जेली. जेली नीट पुसली नाही तर पुढचं सगळं वाया. मग रंग. ब्ल्यू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन, स्लेट, व्हाइट, रेड, ब्लॅक, येलो, व्हायोलेट, रोझ, अ‍ॅक्वा. हा क्रम आमच्या हेल्परला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतो. पहिली ट्यूब बारा, दुसरी ट्यूब बारा. बॅटरीच्या उजेडात स्लेट आणि व्हाइट सारखेच दिसतात, म्हणून ते दोन नेहमी मी बघतो.

एक तार घ्यायची. तिच्यावरचा रंगीत लेप काढला की उरते ती नुसती काच, १२५ मायक्रॉन जाडीची, केसाहून जरा जाड. उजेड धावतो तो तिच्या मधल्या नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसायची. स्वच्छ झाली की ती बोळ्यातून ओढताना बारीक चुईं असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर पुन्हा पुसायची. मग क्लीव्हरवर टोक काटकोनात मोडायचं. मोडलेला तुकडा लगेच बाटलीत. हा तुकडा बोटात घुसला तर दिसत नाही आणि निघत नाही, म्हणून सांध्याच्या जागी आम्ही भाकरी सोडत नाही. दोन्ही टोकं स्प्लायसरमध्ये समोरासमोर ठेवली की पडद्यावर ती वाशांएवढी जाड दिसतात. यंत्र त्यांना आपसूक जुळवतं, ठिणगीचा एक झोत सोडतं, काच वितळून एक होते आणि पडद्यावर आकडा येतो: ०.०२. आमच्या भाषेत पॉइंट झिरो टू. मग वर स्लीव्ह चढवून ती भट्टीत तापवायची आणि पुढची तार घ्यायची. असं चोवीस वेळा.

हा ०.०२ खरा नसतो, हे शिकायला मला बराच काळ लागला. स्प्लायसर लॉस मोजत नाही. टोकांचं चित्र बघून अंदाज बांधतो. माप घेतो तो ओटीडीआर, आणि तोही एका बाजूने घेतला तर फसवतो. जुन्या तारेला नव्या बनावटीची तार जोडली की पुष्कळदा सांध्यावर उजेड वाढलेला दिसतो! नवा ठेकेदार असला की खूश होतो. वाढलेलं काही नसतं. पुढची काच मागे जरा जास्त उजेड विखरते एवढंच. दुसऱ्या टोकाला जाऊन उलटं मोजलं की तोच सांधा आहे त्याहून पुष्कळ वाईट दिसतो. एका बाजूने ०.१२ नफा, दुसऱ्या बाजूने ०.२० तोटा, वजाबाकी करून निम्मं केलं की ०.०४, हा खरा लॉस. त्यासाठी एक माणूस अक्कलकोटला आणि एक सोलापूरला बसवावा लागतो. बिलात त्याची जागा नसते म्हणून बहुतेक जण मोजतच नाहीत.

जपानच्या एनटीटीचे संशोधक अलीकडे वेगळ्याच वाटेने जातायत. लांब पल्ल्याच्या लिंकवर हल्ली जे रिसीव्हर बसतात ते उजेडाची फक्त उघडझाप बघत नाहीत, त्याची कलाही, म्हणजे फेजही, नोंदवतात. काचेत उजेड जिथे प्रखर असतो तिथे तो स्वतःच्या कलेला किंचित धक्का देतो. त्या धक्क्यांचा माग काढला तर नुसत्या पोहोचलेल्या सिग्नलवरून वाटेत कुठल्या किलोमीटरवर किती उजेड होता याचा आलेख काढता येतो. एका टोकाला बसून, चालू लाइन बंद न करता. हे वाचलं तेव्हा मला आधी त्या बिलाचीच आठवण झाली. ही युक्ती आज मोठ्या ट्रंक रूटांच्या कामाची आहे, गावागावांत उतरायला वेळ लागेल. पण संशोधकांनी बसल्या जागेवरून सांधा तपासायचा विचार केला, हेच मला पुष्कळ वाटतं.

प्रयोगशाळेतून जमिनीत यायला किती वेळ लागतो याचा एक मासला आपल्याच राज्यात आहे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये लिहिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर लॉस किलोमीटरला वीस डीबीपर्यंत आणता येईल. म्हणजे किलोमीटरभराने शंभरातला एक भाग उजेड उरेल, आणि तेवढा टेलिफोनला पुरे. त्या वेळच्या काचेत याच्या जवळपासही काही नव्हतं. १९७० मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी १७ डीबीची तार ओढून दाखवली. आणि १९७९ मध्ये पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजांच्या मधे भारतातली पहिली फायबर लाइन चालू झाली. काओंच्या निबंधापासून पुण्याच्या जमिनीपर्यंत तेरा वर्षं. काओंना नोबेल मिळालं २००९ साली, तोवर ही काच समुद्राच्या तळापासून आमच्या तालुक्यापर्यंत सगळीकडे पसरली होती.

विक्रमांच्या बातम्या मी थोड्या थंडपणे वाचतो. जपानच्याच एनआयसीटी या संस्थेने २०२४ मध्ये साध्या, आपण पुरतो तसल्याच तारेतून सेकंदाला ४०२ टेराबिट पाठवून दाखवले. त्यासाठी आजवर मोकळे पडलेले उजेडाचे पट्टेही वापरले. कौतुक आहेच. पण अक्कलकोटच्या तारेत आज जे जातं ते तिच्या ताकदीच्या मानाने इतकं किरकोळ आहे की काच बहुतांशी रिकामीच असते. आमची अडचण काच अपुरी पडण्याची नाही, ती तुटण्याची आहे.

एक विक्रम मात्र मी दोनदा वाचला. त्याच संस्थेने सुमितोमो कंपनीबरोबर एका तारेत एकोणीस गाभे बसवले आणि २०२५ मध्ये १,८०८ किलोमीटरवर सेकंदाला १.०२ पेटाबिट पाठवले. माझी नजर गेली ती बाहेरच्या जाडीवर: १२५ मायक्रॉन. एकोणीस गाभे घालूनही तार जाड केलेली नाही. ज्याने हे ठरवलं त्याला बहुधा कधीतरी कुणी सांधेवाला भेटला असणार. कारण ही जाडी तीच राहिली की क्लीव्हर तोच, स्लीव्ह तीच, ट्रे तोच, केबलचे कारखाने तेच. बदलायचं एवढंच की टोकं जुळवताना तार स्वतःभोवती फिरवून प्रत्येक गाभा समोरच्या नेमक्या गाभ्यावर आणायचा. तसं फिरवणारी यंत्रं बाजारात आहेत, महाग आहेत. छत्रपती संभाजीनगरला वाळूज-शेंद्र्याकडे काच वितळवून तिची तार ओढणाऱ्या स्टरलाइट टेक्नॉलॉजीजनेही चार गाभ्यांची तार काढली आहे. म्हणजे ही गोष्ट जपानपुरती नाही, आपल्या मराठवाड्यातून ड्रमवर चढून येऊ शकते. आली तर चोवीसच्या केबलमध्ये शहाण्णव गाभे होतील आणि एका कटाला शहाण्णव वाटा बंद पडतील. त्या दिवशी फोन उचलायला वेगळा माणूस ठेवावा लागेल.

आणि मग पोकळ तार. यावर मी जितका विचार केलाय तितका कशावरच केला नसेल.

उजेड काचेतून नेण्याऐवजी हवेतून न्यायचा. तारेच्या मधे पोकळी, पोकळीच्या कडेने अतिपातळ काचेच्या नळ्या, नळ्यांत नळ्या. त्यांच्या भिंती साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या. या भिंती उजेडाला बाहेर निसटू देत नाहीत आणि तो पोकळीतूनच पुढे जातो. हवेत उजेड काचेतल्यापेक्षा जवळपास दीडपट वेगाने धावतो. अक्कलकोट-मुंबई साडेचारशे किलोमीटर धरले तर काचेतून सव्वादोन मिलिसेकंद, पोकळीतून दीड. प्रसादाच्या दुकानातल्या क्यूआर कोडला याने काही फरक पडत नाही. शेअर बाजारातल्या यंत्रांना पडतो आणि एकमेकांपासून दूर बांधलेल्या डेटा सेंटरांना पडतो. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२२ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातून निघालेली लुमेनिसिटी ही कंपनी विकत घेतली. त्या मंडळींनी २०२५ मध्ये जाहीर केलेला आकडा असा: किलोमीटरला ०.०९१ डीबी. भरीव काचेने पन्नास वर्षं घासूनपुसून गाठलेला तळ ०.१४ च्या आसपास आहे. त्याच्याही खाली पोकळ तार गेली. काओंनंतर या धंद्यात एवढी मोठी गोष्ट झाली नसेल असं माझं मत आहे.

आता ही तार वळसंगच्या पुढच्या खड्ड्यात, जुलैमध्ये, तुटलीय असं धरा.

पहिलं, टोक उघडं पडलं. भरीव काचेच्या टोकाला चिखल लागला तर मी वीतभर कापून टाकतो आणि पुढे जातो. पोकळ तारेत चिखलाचं पाणी आणि ओली हवा आत शिरणार. किती आत गेली ते कोण सांगणार? दुसरं, ठिणगी. जी ठिणगी भरीव काच सांधते ती या नळ्यांना क्षणात मिटवून टाकते. म्हणून झोत मंद आणि मोजका लागतो, टोकं फिरवून नळीसमोर नळी आणावी लागते. प्रयोगशाळेत हे उत्तम जमलंय; चिखलात, भाड्याच्या जनरेटरवर जमवायचंय. तिसरं मला सर्वांत बोचतं. ओटीडीआरचा सगळा संसार मागे विखरणाऱ्या उजेडावर चालतो. पोकळ तारेत उजेड विखरणारी काच वाटेत नाहीच, मागे येणारा उजेड साध्या तारेच्या हजारो पटींनी कमी. म्हणजे लॉस कमी होण्याचं जे कारण, त्याच कारणाने माझं यंत्र आंधळं. कट कुठे झाला ते शोधायला जास्त ताकदीचे, वेगळ्या घडणीचे ओटीडीआर लागतील. त्यावरही काम चालू आहे. बातमीच्या मथळ्यात ०.०९१ असतो, हे काम कुठेतरी सातव्या पानावर असतं. मी ते सातवं पान शोधतो.

तारेपेक्षा वाटेचा प्रश्न आमच्याकडे जास्त निकडीचा आहे. एका वर्षी गुरुपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी सोलापूरच्या बाजूला कट झाला. स्वामी समर्थांच्या अक्कलकोटात गुरुपौर्णिमा म्हणजे काय, हे इथे एकदा येऊन बघितलेल्यालाच कळेल. वटवृक्ष मंदिरापासून बसस्टँडपर्यंत माणूसच माणूस, लॉज भरलेले, अन्नछत्राच्या रांगा रस्त्यावर. पूर्वी अशा दिवशी नेट गेलं तर फार कुणाचं अडत नसे. आता पेढेवाला, हारवाला, रिक्षावाला, चप्पल सांभाळणारी मावशी, सगळ्यांकडे क्यूआर कोड. खिशात रोकड घेऊन येणारे भक्त कमी झालेत. आमच्या लाइनीवर चालणारे टॉवर बसले आणि पेढेवाल्यांचे फोन मला सुरू झाले. त्यांना माझा नंबर कुणी दिला देव जाणे. आम्ही पावसात ताडपत्री धरून पहाटेपर्यंत सांधे केले.

त्या रूटला दुसरी वाट होती. कागदावर. रिंग म्हणतात तिला: एका बाजूने तुटलं तर उजेड उलट्या बाजूने फिरून पोहोचतो. पण शहरात शिरताना दोन्ही वाटा काही अंतर एकाच चरात, शेजारशेजारच्या डक्टमधून घातल्या होत्या, कारण खोदाईचा पैसा वाचतो. जेसीबीच्या बकेटने दोन्ही एकदम नेल्या. रिंग आहे म्हणणाऱ्याला मी तेव्हापासून आधी चर दाखवायला सांगतो. ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या भारतनेटचा सुधारित कार्यक्रम ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्यात सरळ रेघेऐवजी रिंग करायचं ठरलंय. पेटाबिटच्या सगळ्या बातम्यांपेक्षा ही ओळ आमच्या दुधनी-मैंदर्गीकडच्या गावांच्या कामाची आहे.

वाटा ठरवण्याच्या संशोधनात एक मराठी नाव आहे, आयआयटी मुंबईत काम केलेले प्रा. अश्विन गुमास्ते. २०१८ सालचं भटनागर पारितोषिक मिळालेले. त्यांनी अमेरिकेत असताना लाइट-ट्रेल नावाची कल्पना मांडण्यात मोठा वाटा उचलला. नेहमीची पद्धत अशी की दोन शहरांमधे एक तरंगलांबी राखून ठेवायची. मधल्या गावाला द्यायला-घ्यायला काही असलं तर वेगळी तरंगलांबी, वेगळी यंत्रं. लाइट-ट्रेलमध्ये एकाच तरंगलांबीची वाट उघडी ठेवतात आणि वाटेतलं कुठलंही ठाणं, पाळी आली की, तिच्यात आपला माल चढवतं किंवा उतरवून घेतं. आपल्या एसटीची 'हात दाखवा, गाडी थांबवा' योजना होती, अगदी तशी. थोडाच माल असलेल्या मधल्या गावांना हे स्वस्तात पडतं. पुढे त्यांच्या गटाने आयआयटीत कॅरिअर इथरनेटचे राउटरही बनवले. अशा कल्पना जशाच्या तशा बाजारात येत नाहीत, त्यांचे अंश येतात. पण मोठी शहरं सोडून मधल्या ठाण्यांचा विचार कुणी सूत्रं मांडून केला, याचं मला अप्रूप आहे. अक्कलकोट हे मधलंच ठाणं आहे.

शेवटची गोष्ट किल्लारीपासून सुरू होते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अक्कलकोटपासून किल्लारी सरळ रेघेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. मी लहान होतो, फडताळातली भांडी वाजल्याचं आठवतं आणि आजीने आम्हाला ओढत अंगणात नेल्याचं. तिकडे हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली.

पंचवीस वर्षांनी, २०१८ मध्ये, इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या ज्युसेप्पे मारा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की जमिनीत आणि समुद्रात आधीच पडलेल्या, रोजच्या वापराच्या केबली भूकंप टिपू शकतात. जमीन हलली की काच अत्यंत किंचित ताणली जाते, उजेडाची कला सरकते, आणि लेझर पुरेसा स्थिर असेल तर ते सरकणं मोजता येतं. याने भूकंपाचं भाकीत होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण जिथे एकही भूकंपमापक नाही तिथे पुरलेली प्रत्येक तार नोंद ठेवू शकते. याचंच जवळचं भावंड म्हणजे डीएएस. माझा ओटीडीआर मागे येणाऱ्या उजेडाची फक्त प्रखरता बघतो. डीएएस त्याच उजेडाची कला बघतं, सेकंदाला शेकडो वेळा, आणि चाळीसेक किलोमीटरच्या तारेतली दर काही मीटरांवरची थरथर वेगवेगळी सांगतं. ट्रॅक्टर गेला, उसाची गाडी गेली, कुणी कुदळ मारली. चालणाऱ्या माणसाची पावलंही. ही नोंद कोण ठेवणार, कुणाला दाखवणार, यावर फारसं कुणी बोलत नाही. बोलायला हवं.

पण कुदळ ऐकू येते म्हणजे जेसीबी तर नक्कीच. बकेटचे दात जमिनीला लागल्यापासून केबलपर्यंत पोहोचायला काही मिनिटं तरी जातात. तेवढ्यात निरोप मिळाला तर कट टळतो, दोन सांधे वाचतात. आमच्या धंद्यातलं कुठलंही संशोधन मला इतकं हवंहवंसं वाटलेलं नाही. फक्त अलार्म वाजणार पुण्या-मुंबईच्या कंट्रोल रूममध्ये, आणि बकेट चालणार नागणसूरला. कंट्रोल रूम मला फोन करणार, मी खोदाईच्या ठेकेदाराला करणार, तो जेवायला बसलेला असणार. सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलं, खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायला. चांगलं आहे, पण ते ठेकेदाराच्या फोनात असतं आणि हँडल ज्याच्या हातात तो पोरगा विजापूरकडचा, त्याला घाईची तंबी मिळालेली. म्हणून रस्त्यात कुठेही जेसीबी उभा दिसला की मी गाडी थांबवतो, चहा पाजतो, केबलची बाजू दाखवतो आणि "अण्णा, इल्ली निधान" एवढं कानडी बोलून नंबर घेतो. तालुक्यातल्या बहुतेक जेसीबीवाल्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. डीएएस येईल तेव्हा तेही जोडून द्यायला मी तयार आहे.